सासूबाईंचे नाल

मामांना ताठ उभं राहिलेलं कुणी पाहिलेलं नव्हतं. चौतीस वर्षं घोड्यांचे पाय मांडीत धरून काढल्यावर माणूस उभा राहिला तरी पाऊणच उभा राहतो. बाजारात पिशवी घेऊन निघाले तरी वाटायचं, या गृहस्थाचं काहीतरी पडलंय आणि ते शोधत चाललेत. समोरचे दोन दात एका शिंगरानं नेले होते. डाव्या हाताची करंगळी एका थोराड घोड्यानं कायमची वाकडी करून ठेवली होती. "बाकी सगळा मी जागच्या जागी आहे," असं मामा सांगत. मामींचं म्हणणं जरा वेगळं होतं. बाकी सगळं घोड्यांनी नेलं, माझ्या वाट्याला फक्त भूक आली, असं त्या शेजारणीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणत.

धंदा नालबंदाचा. शहर जिथं संपतं आणि गोदामं सुरू होतात, तिथं घोडेस्वारी शिकवणारी एक शाळा होती. पत्र्याच्या छपराखाली बारा घोड्यांची बारा ठाणं, मध्ये वाळूचं रिंगण, आणि फाटकापासून रिंगणापर्यंत खडीचा रस्ता. दर सहा आठवड्यांनी बाराच्या बारा घोड्यांचे जुने नाल काढायचे, खूर कापायचे, तळवा सोलून सपाट करायचा, कानस मारायची आणि नवे नाल ठोकायचे. हे काम मामा असं करत की घोड्यालाही कळू नये. तोंडात खिळे धरलेले असताना ते जास्त स्पष्ट बोलत, कारण मग दातांची फट बुजायची. त्यामुळे मामांची सगळी महत्त्वाची विधानं आजवर खिळ्यांच्या आडूनच जगासमोर आली होती.

त्यांतलं सगळ्यात आवडतं विधान असं होतं, की देवानं घोडा करायला घेतला तेव्हा मानेपर्यंत फार मन लावून केला, पाठीला थोडा कंटाळला, आणि खुरांपाशी आल्यावर म्हणाला, "राहू दे, पुढचं नालबंद बघून घेईल."

शाळा चालवणाऱ्या बाई काचेच्या खोलीत बसत. त्यांना शाळेतले सगळे नुसतं 'बाई' म्हणत. बाई वाईट नव्हत्या. त्यांच्याकडं बारा ठाणं होती आणि तेरावा घोडा त्यांना परवडत नव्हता, एवढंच. या एका वाक्यात त्यांचा सगळा स्वभाव येतो.

आणि बारांपैकी एका ठाणात सासूबाई होत्या.

हे नाव घोड्यांची निगा राखणाऱ्या मोतद्दारानं ठेवलेलं. तांबड्या रंगाची, चौदा वर्षांची घोडी. तिला कुणाचं काहीच पटत नसे. खरारा हळू केला तर शेपटी मारी, जोरात केला तर दात दाखवी, नाही केला तर बादली लाथाडी. गवत आधी हुंगून बघे, मग तोंड फिरवी, मग कुणी बघत नाहीसं पाहून खाई. पण पाठीवर नवशिका बसला, की हीच बया असं चाले जणू पाठीवर काठोकाठ भरलेलं पातेलं ठेवलंय. ज्यांनी आयुष्यात कधी सायकलसुद्धा चालवली नव्हती, असे लोक सासूबाईंवर बसून घोडेस्वार झाले होते. म्हणून तिचं चावणं शाळेनं पोटात घातलं होतं.

पोटात घालता येत नव्हते ते तिचे खूर. खुराची बाहेरची भिंत मुळातच पातळ. त्यात चौदांपैकी दहा वर्षं खिळे खाऊन खुराच्या कडेची चाळणी झाली होती. नाल मारावा, तो आठ-दहा दिवसांत खुराचा तुकडा घेऊन सुटावा, पुन्हा मारायला जावं तर खिळ्याला जागाच नाही. शेवटी घोड्यांच्या डॉक्टरांनी चारही पाय उचलून पाहिले आणि सांगितलं, "आता हिच्या पायात खिळा धरायला काही उरलेलं नाही. नाल काढून टाका. वरून नवी भिंत उतरायला अकरा महिने, वर्ष लागेल. मग चालेल अनवाणी."

"अनवाणी?" मामा म्हणाले. "या खडीवरून? डॉक्टर, तुम्ही बूट काढून फाटकापर्यंत जाऊन या, मी तोवर चहा सांगतो."

"रानातल्या घोड्यांना कोण नाल मारतं, मामा?"

"रानातल्या घोड्यांवर जाडे लोक बसत नाहीत."

मोतद्दार फिस्कन हसला. बाईंनी हिशोबी चेहरा केला आणि निर्णय दिला. अकरा महिने. अकरा महिन्यांनी नवा वर्ग सुरू होतो. त्याआधीच्या शनिवारी पाठीवर माणूस घेऊन घोडी फाटकापासून रिंगणापर्यंत खडीवरून न लंगडता आली, तर राहील. नाही आली, तर दलालाला बोलावून घ्यायचं आणि ठाण मोकळं करायचं.

"नाही यायची," मामा म्हणाले. आणि चहाच्या किटलीभोवती चार माणसं आहेत असं बघून त्यांनी आवाज चढवला. "ही घोडी अनवाणी त्या खडीवरून चालली, तर मी माझा हातोडा विहिरीत टाकीन. लिहून घ्या."

लिहून कुणी घेतलं नाही, पण विसरलंही कुणी नाही.

नाल काढायचं काम अर्थातच मामांकडं. चार नाल निघाले. सासूबाईंना वाळूत आणलं. दोन पावलं टाकून ती थांबली. तिसरं पाऊल तिनं असं टाकलं, जणू खाली कुणी झोपलंय आणि त्याला उठवायचं नाहीये. सगळे मोतद्दार ओळीनं उभे राहून हसले. "मामा, हिचा चष्मा हरवलाय का बघा," एक म्हणाला. दुसऱ्यानं तिच्यासारखं चालून दाखवलं. घोडी मान खाली घालून उभी होती. अंगावर येण्याएवढाही तोरा राहिला नव्हता. सगळ्यांत मोठ्यानं मामा हसले. आपलं म्हणणं पहिल्याच दिवशी खरं ठरताना बघायला कुणाला आवडत नाही?

"हसताय काय," बाई काचेतून म्हणाल्या. "तुम्हीच रोज चालवायचंय हिला. मोतद्दारांना ती चावते."

"मलाही चावते, बाई."

"तुम्हाला सवय आहे."

झालं. रोज सकाळी बाकीचं काम सुरू व्हायच्या आत मामा यायचे आणि सासूबाईंना फिरवायचे. डॉक्टरांनी सगळं समजावून ठेवलं होतं. पहिले काही महिने फक्त वाळू, मग मऊ माती, मग कडक माती, आणि अगदी शेवटी खडी. दर तीन आठवड्यांनी कानशीनं नुसती कड गोल करायची, म्हणजे भिंत फुटत नाही. आणि तळव्याला सुरी लावायची नाही. "तो मळकट, खपलीसारखा थर दिसतो ना, तो मळ नाही, मामा. ती तिची चप्पल आहे. ती तिची तीच बनवणार, तुम्ही फक्त काढून घेऊ नका."

मामांनी मान हलवली. मान हलवणं आणि पटणं यांत घोड्याच्या दोन टोकांएवढं अंतर असतं. चौतीस वर्षं त्यांनी ती खपली सोलून सोलून तळवा साबणाच्या नव्या वडीसारखा स्वच्छ केला होता. त्याशिवाय नाल नीट बसत नाही. मामांच्या हातचा सोललेला खूर बघायला लोक वाकत.

मामा तिला अहो-जाहो करत. सासूबाई म्हटल्यावर एकेरी कसं बोलणार? "चला, पाय उचला. असं नका करू. रागावलात?" हे मामींच्या कानावर गेलं.

"मला अगं, आणि घोडीला अहो," मामी म्हणाल्या.

"ती चावते."

"मी चावत नाही हेच चुकलं माझं."

तिसऱ्या महिन्यात एका सकाळी मामा कड गोल करत होते. खुराच्या वरच्या टोकाला, केस संपतात तिथून खाली, त्यांना बोटभर रुंदीची एक पट्टी दिसली. गडद, गुळगुळीत, एकही भोक नाही. खाली जुनी फुटकी भिंत, आणि वर ही नवी, जरा वेगळ्या कोनात, घट्ट. मामांनी त्यावरून अंगठा फिरवला. मग दुसरा पाय उचलला. तिथंही तेच. मग तिसरा, चौथा. सासूबाईंनी त्यांच्या खांद्याला कडकडून चावा घेतला, तरी ते उठले नाहीत.

चौतीस वर्षांत मामांनी खूर कापले होते, कानसले होते, ठोकले होते. खूर वाढताना त्यांनी पहिल्यांदाच पाहिला. इतकी वर्षं तो वाढे आणि ते कापून टाकत. त्याला वाढू दिलं तर तो काय करतो, हे बघायला कधी थांबलेच नव्हते.

घरी गेल्यावर जेवताना ते म्हणाले, "तिच्या टाचा रुंद होतायत."

"कुणाच्या?"

"सासूबाईंच्या. पूर्वी आखडलेल्या होत्या. आता पसरतायत. माती दाबते ना खालून, त्यानं रक्त फिरतं."

मामींनी पोळपाट बाजूला सारला, पदराखालून पाय पुढं काढला आणि मामांच्या ताटाशेजारी ठेवला. टाचेला भेगा अशा, की त्यात नाणं उभं राहावं. "याही टाचा आहेत," त्या म्हणाल्या. "गेली सहा वर्षं फुटल्यात. याही घरातल्याच आहेत." मामांनी खरोखर वाकून पाहिलं, अंगठ्यानं कड दाबली आणि म्हणाले, "ही जरा घासायला हवी." त्यानंतर दोन दिवस त्यांना स्वतः वाढून घ्यावं लागलं.

शाळेत चेष्टा चालूच होती. दर महिन्याला मोतद्दार विचारायचा, "मामा, विहिरीतला गाळ काढून ठेवू का? हातोडा रुतायला नको." मामा म्हणायचे, "तू आत उतर, मी वरून टाकतो, डोक्यात बसला की आवाज दे." पण आता त्या हसण्यात मामांचं मन नव्हतं. घोडी मातीवर नीट चालायला लागली होती. सातव्या महिन्यात ती कडक मातीवर टापा टाकत गेली. आठव्यात मामांनी तिला पहिल्यांदा खडीवर नेलं.

आणि इथं मामांनी जे केलं, ते फक्त मामाच करू जाणे. खडीवर नेलं ते कुणी नसताना. मोतद्दार यायच्या आत, बाईंची गाडी यायच्या आत, फाटकाला आतून कडी घालून. कारण उघड होतं. घोडी खडीवर चालताना कुणी पाहिली, की त्याच दिवशी हातोड्याची मिरवणूक निघणार. चालायची ती शनिवारी चालेलच. तोपर्यंतचे दोन-तीन महिने तरी माणसानं मान वर करून का काढू नयेत?

पहिल्या दिवशी ती खडीवर दहा पावलं चालली. मग वीस. दहाव्या महिन्यात एका सकाळी ती फाटकापासून रिंगणापर्यंत एकदाही लंगड्या घोड्यासारखी मान न हलवता आली आणि मामांना मागं ओढत पुन्हा फाटकाकडं निघाली. मामा रस्त्यात थांबून हसले. त्या रिकाम्या आवारात, दातांच्या फटीतून शिट्टीसारखा आवाज करत, एकटेच. बघायला कुणी नव्हतं. नसावं म्हणून त्यांनीच कडी घातली होती.

"कशी आहे हो सासूबाई?" बाईंनी दोन आठवड्यांवर दिवस आल्यावर विचारलं.

"बघू," मामा म्हणाले.

बाईंनी 'बघू' या शब्दाचा जो अर्थ कुणीही घेईल तोच घेतला. त्यांनी एक नवा घोडा पाहून ठेवला, सोमवारी पाठवा म्हणून सांगितलं, आणि शनिवारसाठी दलालालाही निरोप दिला.

शुक्रवारी दुपारी बाई ठाणापाशी आल्या. "मामा, उद्या चार माणसं येतील बघायला. घोडीला जरा नीटनेटकी करा. पाय तरी स्वच्छ दिसू देत."

मामा छपराखाली तिपाई घेऊन बसले. उजवा पुढचा पाय मांडीत घेतला. मोतद्दार शेजारी खोगिराला तेल लावत होता आणि उद्याच्या दिवसाची मजा आजच घेत होता.

"उद्या हातोडा वाचणार तुमचा, मामा."

"तू तुझं तेल लाव."

"नाही, मी म्हणतो, तुमचंच खरं. अनवाणी घोडी म्हणजे काय, हे डॉक्टर लोकांना पुस्तकात कळतं. तुमच्यासारखा हात आहे का कुणाचा? ती नदीवरची घोडी आठवते? तिचा तो खूर तुम्ही कसा केला होता?"

कारागिराला त्याच्या जुन्या कामाची आठवण करून द्यावी आणि मग त्याचं तोंड बंद व्हायची वाट बघावी. मामा त्या नदीवरच्या घोडीची गोष्ट सांगायला लागले. खूर कसा तडकला होता, तिघांनी कसं सोडून दिलं होतं, आपण कसा तो सांधत आणला. गोष्ट चांगली होती, आणि चांगली सांगितलीही. ती सांगता सांगता हात पिशवीत गेला, वाकडी सुरी बाहेर आली, आणि हातानं चौतीस वर्षं प्रत्येक मोठ्या दिवसाच्या आदल्या दुपारी जे केलं होतं ते केलं. एक पाय. मग दुसरा. पापुद्रे पडत होते, वर तळवा साबणाच्या वडीसारखा पांढरा निघत होता. मोतद्दार वाकून म्हणाला, "वा."

त्या 'वा'नं मामा थांबले.

खाली बघितलं तर मांडीवर मळकट खपल्यांचा ढीग. मामांनी अंगठा तळव्यावर ठेवला आणि दाबला. तळवा दबला. अगदी थोडासा, पण दबला. घोडीनं पाय ओढून घेतला.

पुढचे दोन्ही पाय. घोड्याचं निम्म्याहून जास्त वजन पुढच्या पायांवर असतं, हे मामांना कुणी सांगायला नको होतं. मागच्या दोन पायांना त्यांनी सुरी लावली नाही. मोतद्दार म्हणाला, "मागचे राहिले." मामा म्हणाले, "राहू देत."

ते उठून बाईंच्या काचेपाशी गेले. हात पुसत दारातच उभे राहिले. त्या क्षणी एकच वाक्य म्हणायचं होतं: बाई, चूक झाली, सहा आठवडे द्या. पण ते वाक्य मामांच्या तोंडात तयारच नव्हतं. कधी लागलंच नव्हतं.

"बाई, उद्याचं जरा पुढं ढकलता येईल का? महिना-दीड महिना."

"का?"

"नाही... हवा बरी नाही."

बाईंनी खिडकीतून बाहेर पाहिलं. लख्ख ऊन होतं. "मामा," त्या म्हणाल्या, "अकरा महिने बरी होती ना हवा?"

मामा परत आले. त्यांनी त्या खपल्या गोळा केल्या आणि फडक्यात बांधून पिशवीत ठेवल्या, जणू उद्या सकाळी डिंकानं परत चिकटवता आल्या असत्या.

शनिवारी मोतद्दार घोडीवर बसला. फाटकापाशी बाई, बाकीचे मोतद्दार, आणि दलाल. दलाल हा गोल, हसतमुख माणूस होता. त्यानं सगळ्यांना नमस्कार केला, घोडीलाही केला. सासूबाईंनी पहिलं पाऊल खडीवर टाकलं आणि मान खाली गेली. दुसरं टाकलं, मान वर आली. मान अशी वर-खाली करत ती सात-आठ पावलं आली आणि थांबली. मोतद्दारानं टाच मारली. ती आणखी तीन पावलं आली. मग तिनं पुढचा उजवा पाय उचलून हवेतच धरला, आणि तो कुठं ठेवावा हे तिला कळेना.

"उतर," मामा म्हणाले.

"रिंगण अजून लांब आहे," मोतद्दार वरून म्हणाला. खाली कुणीतरी हसलं.

"उतर म्हणतो ना."

मामा बाईंकडं गेले, आणि मग सगळं बोलले. अकरा महिने तिनं काय केलं, खडीवर ती किती वेळा चालली, काल आपण काय केलं. बोलता बोलता पिशवीतलं फडकं काढलं, सोडलं आणि खपल्या दाखवल्या. पुन्हा म्हणाले, "घोडी लंगडी नाही, बाई. मी केली. सहा आठवड्यांत थर परत येईल, तुमच्या डोळ्यांदेखत चालवून दाखवतो."

"खडीवर चालताना कुणी पाहिली हिला?" बाईंनी विचारलं.

मामांनी फाटकाच्या कडीकडं पाहिलं.

"कुणी पाहिली का रे?" बाईंनी मोतद्दारांना विचारलं. सगळ्यांनी नकारार्थी माना हलवल्या. कशी पाहणार? आतून कडी होती.

बाईंनी खपल्यांकडं पाहिलं, मग मामांकडं. त्या चिडल्या नाहीत. चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. "मामा, तुम्हाला पहिल्या दिवसापासून पटलं नव्हतं. ते मी समजू शकते. तुमचा धंदा आहे. पण मग सुरी पहिल्याच आठवड्यात लावायची होती. अकरा महिने चारा तरी वाचला असता."

"बाई, मी मुद्दाम नाही..."

"राहू द्या. तुमच्यासारखं काम दुसरा कुणी करत नाही, म्हणून मी काही बोलत नाहीये. सोमवारी नवा घोडा येतोय. ठाण लागेल."

दलाल आतापर्यंत बाजूला उभा राहून दात कोरत होता. तो पुढं आला, घोडीचा पाय उचलून बघितला. "खूर मात्र झकास उतरलाय," तो म्हणाला. "भिंत बघा, कशी घट्ट आहे. बाई, मी ही नेतो. पण अशी नाही. माझ्याकडं वाळू ओढायची आहे, नदीपासून वरपर्यंत सगळा दगडांचा रस्ता. आत्ता नाल मारून द्या. नालावर नीट चालली, तर माझ्या गाडीला जुंपतो. नाही चालली, तर माझ्या ओळखीचा एक जण आहे, तो पाय बघत नाही. वजन बघतो."

"नाल मारून इथंच ठेवली तर?" मामांनी विचारलं.

"आणि दोन वर्षांत पुन्हा चाळणी झाली, की पुन्हा अकरा महिने?" बाई म्हणाल्या. "घ्या हातोडा, मामा. विहिरीत टाकायची वेळ नाही आली, हेच नशीब समजा."

मामांनी नाही म्हणायचं ठरवलं असतं, तर दलालानं बाजाराजवळच्या नालबंदाला बोलावलं असतं. तो नाल लालबुंद तापवून तसाच खुरावर ठेवी आणि खिळा कुठंही घाली. घोडा ओरडला की म्हणे, जिवंत आहे. मामांना तो हात ठाऊक होता. त्यांनी तिपाई ओढली.

सोललेल्या तळव्याला नाल टेकता कामा नये. टेकला तर प्रत्येक पावलाला ती दुखणार, आणि दुखली तर वजनावर जाणार. मामांनी नालाची आतली कड ऐरणीवर ठोकून ठोकून खाली घेतली, म्हणजे लोखंड फक्त भिंतीवर बसेल. लावून बघितला, काढला, पुन्हा ठोकला. चार वेळा. मग खिळे. अकरा महिने ज्या भिंतीला त्यांनी जपलं, वाढवलं, कडा गोल करून फुटू दिलं नाही, तिच्यात पहिला खिळा गेला. सरळ गेला. भुसभुशीत नाही, तडा नाही. नवं लाकूड कसं खिळा धरतं, तसा धरला. चौतीस वर्षांत इतकी चांगली भिंत त्यांच्या हातोड्याखाली आली नव्हती.

मोतद्दार शेजारी उकिडवा बसला. इकडंतिकडं बघून हळू आवाजात, अगदी आदरानं म्हणाला, "मामा, मानलं तुम्हाला. अकरा महिने नुसतं फिरवलंत, आणि आदल्या दिवशी, माझ्यासमोर, गोष्ट सांगत सांगत... मला कळलंसुद्धा नाही. एवढं डोकं आमच्यात नाही."

मामांनी त्याच्याकडं पाहिलं. त्या चेहऱ्यावर चेष्टा असती तर उत्तर देता आलं असतं. पण ती खरोखरची भक्ती होती. मग मामांना वाटलं, याला एकदा विचारावं, काल माझा चेहरा कसा दिसत होता? पण तेवढ्यात वाटलं, नको. याचं उत्तर ऐकून घ्यायची आपली तयारी नाही. कारण हात सवयीनं चालला, हे त्यांनी बाईंना शपथेवर सांगितलं असतं. पण स्वतःला सांगायला घेतलं, की दर वेळी 'सवयीनं' हा शब्द अडायचा.

सासूबाई नालावर चालल्या. खडीवरून फाटकापर्यंत गेल्या, वळल्या, परत आल्या. मान हलली नाही. दलाल म्हणाला, "झकास." तिला टेम्पोत चढवताना फळीवर टापांचा खणखणीत आवाज झाला. एक मोतद्दार म्हणाला, किती दिवसांनी हा आवाज ऐकला, बरं वाटलं. जाताना दलालानं मामांचा हात हातात घेतला. "माझ्याकडं आणखी चौदा जनावरं आहेत. येत जा दर सहा आठवड्यांनी. तुमची घोडीही भेटेल."

"बघू," मामा म्हणाले.

घरी मामींनी दारातच विचारलं, "काय झालं? चालली?"

"चालली."

"अनवाणी?"

"नाल मारून."

मामींनी त्यांच्याकडं नीट पाहिलं. मग पाणी पुढं ठेवलं. तीस वर्षांच्या संसारात त्यांनी मामांना टोमणा न मारता जेवू घातलं तो हा एकच दिवस, आणि मामांना तो सगळ्यांत जड गेला.

सोमवारी नवा घोडा आला. चार वर्षांचा, काळा, अंगानं भरलेला. माळावर मोकळा वाढलेला. सासूबाईंच्या ठाणात नवं गवत टाकून त्याला बांधलं होतं. बाई काचेतून बाहेर आल्या. "मामा, आजच नाल मारून घ्या. बुधवारपासून वर्गात घेते."

मामांनी पाय उचलला. एकही खिळा कधी न लागलेला खूर. भिंत जाड, टाच रुंद, तळवा आत वळलेला आणि वर तो मळकट, टणक थर. अंगठ्यानं दाबला. दगड दाबल्यासारखं झालं. चारही पाय बघितले. मग ते तसेच वाकलेले असताना म्हणाले, "बाई, याला नकोत नाल. हा त्या खडीवरून आत्ता पळेल."

मोतद्दार मोठ्यानं हसला. बाईंनाही हसू आवरलं नाही.

"मामा, या विषयावर तुमचं मत मी एकदा ऐकून घेतलंय," बाई म्हणाल्या, "आणि त्याला अकरा महिने लागले."

त्या आत गेल्या. पाय अजून मामांच्या मांडीतच होता. घोडा गरीब होता. पाय दिला, तो त्यानं काढून घेतला नाही. मग मामांनी वाकडी सुरी काढली आणि तळवा सोलायला सुरुवात केली. जेवणाच्या सुट्टीच्या आत चारही पायांचं काम झालं.